यमूची कहाणी आणि आमची आत्याआजी

दिवाळीच्या दिवसांत रात्रीची जेवणे आटोपली, की आमच्या घरी ओटीवर वाचन चाले. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. एका वर्षी आत्याआजीने आपण होऊन पुस्तकाचे नाव सांगितले: 'पण लक्षात कोण घेतो'. ती माझ्या वडिलांची आत्या. तेराव्या वर्षी कपाळ पांढरे झाले, तेव्हापासून अंगावर लाल आलवण. तिला अक्षरओळख नव्हती. कादंबरीचे नाव तेवढे कुणाकडून तरी ऐकलेले. वाचायचे काम माझ्याकडे आले.

हरिभाऊ आपट्यांची ही कादंबरी १८९० पासून त्यांच्या 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागली. हरिभाऊ तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे. काळ मोठा वादळी होता. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली होती खरी, परंतु केशवपनाचा वस्तरा काही थांबला नव्हता. आगरकर 'सुधारका'तून रूढीवर आसूड ओढीत होते. संमतिवय दहावरून बारा करावे की नाही, यावर सारे पुणे दुभंगले होते. तो कायदा १८९१ मध्ये झाला. त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवली आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असा ठराव केला. वस्तरा ज्यांच्या हाती, ते बोलले. तो जिच्या डोक्यावर फिरे, तिला मात्र सभेत क्वचितच जागा होती.

ती जागा हरिभाऊंनी यमूला दिली. आपली कथा ती स्वतःच सांगते. तिच्याभोवती किती तऱ्हेची माणसे! तिला प्रेमाने वाचायला शिकवणारे रघुनाथराव आहेत, तसे धर्माचा आव आणणारे शंकरमामंजीही आहेत. मैत्रीण दुर्गीचा नवरा हयात असून तिला सुख नाही. यमूचे वडील बायको गेल्यावर पुन्हा बोहल्यावर चढतात. यमूवर तीच वेळ येते तेव्हा तिच्या वाट्याला वस्तरा येतो.

त्या प्रकरणाशी आलो, तेव्हा वडील हळूच म्हणाले, "आज पुरे."

"वाच रे, थांबू नकोस," आत्याआजी म्हणाली.

वाचून झाल्यावर आम्ही मुलांनी त्या घरातल्या माणसांना मनसोक्त शिव्या दिल्या. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझे हात सासूबाईंनी धरले होते. रात्री त्याच माझ्या उशाशी बसून रडल्या. घर वाळीत पडेल, धाकटीचं लग्न मोडेल, हे त्यांचं भय."

"मग तू त्यांना क्षमा केलीस?" मी विचारले.

"क्षमा नाही केली. पण कळलं."

सभांत बाजू दोनच असतात, एक आपली आणि एक त्यांची. कादंबरीत हात धरणारीलाही काळीज असते. म्हणून तिचा अपराध हलका होत नाही, पण रूढी घरात कोणत्या वाटेने शिरते ते दिसते. सुधारणेचा इतिहास मी पुढे पुष्कळ वाचला, परंतु एवढे मला त्या ओटीवरच उमगले.

पुस्तक संपले त्या रात्री आत्याआजी म्हणाली, "यमू लिहून गेली. मला लिहिता येत नाही. तू लिही हो माझं."

वाचकहो, तिचे हे सांगणे पुरे करायला मला साठ वर्षे लागली.