अवघड गरोदरपण आणि नोकरी : आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा व कामावर परत येताना काय करावे

चौथ्या-पाचव्या महिन्यात अंगावरून जायला लागले, बीपी वाढला किंवा सोनोग्राफीत वार खाली असल्याचे निघाले, की डॉक्टर काम बंद करायला सांगतात. घरचेही तेच म्हणतात. मग एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी, पतसंस्थेत क्लार्क असलेली किंवा खाजगी शाळेत शिकवणारी बाई दुसऱ्या दिवसापासून कामावर जातच नाही. साहेबांना फोन केलेला असतो, तेवढ्यावर भागले असे वाटते. दोन-तीन महिन्यांनी बाळंतपणाची रजा मागायला गेले, की ऑफिसातून उत्तर येते, "तुम्ही स्वतःहून काम सोडले."

खरे भांडण इथे सुरू होते. रजेचा हक्क कायद्यात आहे, पण तो कागदावर चालतो. म्हणून तब्येत बिघडली त्याच आठवड्यात कागद ऑफिसात पोचला पाहिजे.

दोन रजा, दोन वेगळे हिशोब

आजारपणाची रजा आणि बाळंतपणाची रजा एक नाही. बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची आहे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या तारखेआधी घेता येतात. दोन किंवा जास्त मुले हयात असतील तर रजा १२ आठवडे आणि त्यातले ६ आठवडे आधी. चौथ्या महिन्यात विश्रांती लागली तर ती या २६ आठवड्यांतून निघत नाही. त्यासाठी दुसरी सोय बघावी लागते :

- साठलेली हक्काची रजा आणि किरकोळ रजा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे. हक्काची रजा कामाच्या दिवसांप्रमाणे साठते.
- गरोदरपण, प्रसूती, अपुऱ्या दिवसांचे बाळ किंवा गर्भपात यातून आलेल्या आजारासाठी जादा १ महिना पगारी रजा. ही २६ आठवड्यांच्या वेगळी असते. बऱ्याच जणींना ती माहीतच नसते.
- ईएसआय असेल तर आजारपणाचा लाभ.
- सगळे संपले तर बिनपगारी रजा, पण लेखी मंजूर करून घेतलेली.

बिनपगारी म्हटले की जीवावर येते. तरी न सांगता घरी बसण्यापेक्षा ती केव्हाही बरी, कारण नोकरी चालू राहते.

कायदा कोणाला लागू

हे नियम मूळ १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातले. २०१७ साली रजा १२ वरून २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आणि हे नियम तिच्यात गेले. आठवडे, दिवस तेच राहिले.

कारखान्याला हे नियम लागू आहेत. दुकान किंवा इतर आस्थापनेत १० किंवा जास्त माणसे कामाला असतील तर तिलाही लागू. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले हवे. पगारी सुट्ट्या आणि ले-ऑफचे दिवस त्यात धरतात. नोकरी नवी असेल आणि लगेच विश्रांती लागली तर हे ८० दिवस भरतात का, ते मस्टरवरून आधी मोजून घ्यावे.

"तुम्ही कंत्राटी आहात, तुम्हाला रजा नाही" हे उत्तर बरोबर नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी कामगार महिलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच रोजंदारीवरच्या बायकांना हा लाभ दिला. कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी मातृत्व लाभ पूर्ण द्यावा लागतो, असा निकाल २०२३ मध्ये आला.

डॉक्टरांकडून काय लिहून घ्यावे

"विश्रांतीची गरज" एवढ्या चिठ्ठीने ऑफिसात काम होत नाही. कागदावर एवढे हवे :

१. त्रासाचे नाव आणि तो गरोदरपणामुळे आहे असे स्पष्ट वाक्य. जादा महिना त्याच आधारावर मिळतो.
२. प्रसूतीची अपेक्षित तारीख.
३. विश्रांती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत.
४. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का.

डॉक्टरांना आणखी एक विचारावे. पूर्ण काम बंद करायचे, की फक्त उभे राहणे, वजन उचलणे, रात्रपाळी आणि खड्ड्यांच्या रस्त्याने गाडीवरचा प्रवास बंद करायचा? प्रत्येक त्रासाला अंथरुणावर पडून राहणे हा उपाय नाही. फार दिवस पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. बसून करायचे काम चालणार असेल तर डॉक्टरांनी तसे लिहून द्यावे आणि ऑफिसात हलके काम मागावे. त्यात रजाही वाचते आणि पगारही.

अपेक्षित तारखेच्या साधारण १० आठवडे आधीपासून बाईने मागणी केली तर तिला जड किंवा बराच वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. त्यापायी पगार कापता येत नाही.

अर्ज असा द्यावा

अर्ज साधा असला तरी चालतो :

"मी आपल्याकडे (पद) या पदावर काम करते. मी गरोदर असून प्रसूतीची अपेक्षित तारीख (तारीख) आहे. गरोदरपणातील त्रासामुळे डॉक्टरांनी (तारीख) ते (तारीख) विश्रांती सांगितली आहे. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. या काळाची आजारपणाची रजा मंजूर करावी. ही रजा बाळंतपणाच्या रजेत धरू नये."

दोन प्रती कराव्यात. एकीवर तारखेसह सही-शिक्का घेऊन ती घरी ठेवावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवावा, पण तेवढ्यावर थांबू नये. रजा वाढवायची असेल तर पहिली संपायच्या आत दुसरा अर्ज गेला पाहिजे. मधे चार दिवसांची फट राहिली, की तीच पुढे "गैरहजर" म्हणून दाखवतात.

"आता राजीनामा द्या, बाळ झाल्यावर परत घेऊ" असे कोणी गोडीत म्हटले तरी सही करू नये. राजीनामा दिला की पगारी रजाही जाते आणि परत घ्यायचे बंधनही राहत नाही.

तारखांचे एक उदाहरण

अपेक्षित तारीख ३० नोव्हेंबर धरू. ८ आठवडे आधी म्हणजे बाळंतपणाची रजा लवकरात लवकर ५ ऑक्टोबरला सुरू होते. तिथून २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, ते ४ एप्रिलला संपतात (फेब्रुवारी २८ दिवसांचा धरून). डॉक्टरांनी १ सप्टेंबरपासून विश्रांती सांगितली, तर १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हे ३४ दिवस आजारपणाच्या खात्यातून जातील. जादा महिना इथेच वापरला आणि उरलेल्या दिवसांना हक्काची रजा लावली, तर बाळासाठीचे २६ आठवडे शाबूत राहतात. मात्र प्रसूतीनंतर त्रास होईल असे डॉक्टरांना वाटत असेल, तर आधी हक्काची रजा संपवून जादा महिना मागे ठेवणे शहाणपणाचे.

बाळ लवकर झाले तर आधीचे न वापरलेले दिवस पुढे मिळतात, एकूण २६ आठवडे कमी होत नाहीत.

पैसे कुठून मिळतात

ईएसआय लागू नसेल तर पगार मालक देतो. प्रसूतीआधीच्या काळाची रक्कम गरोदरपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ आणि उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायची असते. मालकाने मोफत वैद्यकीय सोय दिली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा.

ईएसआय कापला जात असेल तर लाभ ईएसआयकडून मिळतो. बाळंतपणाला सरासरी रोजच्या मजुरीइतका, आजारपणात ७० टक्के आणि तो वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी प्रमाणपत्र ईएसआयच्या दवाखान्यातून किंवा त्यांच्या नेमलेल्या डॉक्टरांकडून घेणे सोयीचे.

सरकारी व जिल्हा परिषद कर्मचारी

इथे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ चालतात. प्रसूती रजा १८० दिवस, दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असतील तर, आणि ती रजेच्या खात्यातून वजा होत नाही. आधीच्या आजारपणासाठी अर्जित रजा किंवा अर्धपगारी रजा वापरता येते. अर्धपगारी रजा वर्षाला २० दिवस जमते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर दोन अर्धपगारी दिवसांचा एक पूर्ण पगारी दिवस, म्हणजे परिवर्तित रजा करता येते. शिक्षिकांकडे अर्जित रजा फारशी नसते, त्यांनी सेवापुस्तकात अर्धपगारी किती शिल्लक आहे ते आधीच बघावे. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांनाही १८० दिवसांची मानधनी रजा आहे.

गर्भ राहिला नाही तर

त्या दिवसांत कागद कोणाला सुचत नाही, म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणी हे बघावे. २६ व्या आठवड्यापर्यंत गर्भपात झाला तर ६ आठवडे पगारी रजा आहे. त्यानंतर मूल मृत जन्मले तर कायदा त्याला प्रसूतीच मानतो, पूर्ण बाळंतपणाची रजा मिळते. दवाखान्यातून सुट्टी होताना कागदावर आठवडे नीट लिहिलेत का, ते पाहून घ्यावे.

परत कामावर जाताना

प्रसूतीनंतर पहिले ६ आठवडे मालकाने कामावर घ्यायचेच नाही. पुढे रजा संपायच्या १०-१५ दिवस आधी हजर होण्याची तारीख लेखी कळवावी. बीपी, सिझेरियनचा टाका किंवा रक्त कमी असणे चालूच असेल तर डॉक्टरांकडून फिटनेस घेताना "काही आठवडे हलके काम" असे लिहून घ्यावे. हजर झाल्या दिवशी रुजू अहवाल देऊन पोच घ्यावी.

बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीशिवाय दिवसातून दोनदा दूध पाजायला सुट्टी मिळते. ५० किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघर लागते. कामाचे स्वरूप तसे असेल आणि मालक तयार असेल तर घरून कामही ठरवता येते.

काढून टाकले तर

या रजेवर असताना कामावरून काढणे किंवा नोकरीच्या अटी वाईट करणे बेकायदा आहे. आदेश हातात आल्यापासून ६० दिवसांत दाद मागावी लागते. जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात किंवा सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

ज्यांना रजाच नाही त्यांचे काय

खुरपणीला जाणाऱ्या किंवा मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला यातली एकही रजा लागू होत नाही. खाडा म्हणजे मजुरी गेली. तिच्या हाताशी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या वेळी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. नोंदणी आशाताई किंवा अंगणवाडीत होते. बँक खाते आधारला जोडलेले हवे. बुडालेल्या मजुरीपुढे ही रक्कम थोडी आहे, पण नोंदणी राहिली तर तीही जाते. तोडीला जाताना माता व बाल संरक्षण कार्ड पिशवीत ठेवावे, कुठल्याही सरकारी दवाखान्यात ते चालते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते.

रजेची वाट बघू नये अशी लक्षणे

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, जोराचे डोके दुखणे, डोळ्यापुढे अंधारी, तोंड-हात सुजणे, बीपी १४०/९० किंवा वर, झटका, थांबत नसलेली उलटी, ताप, बाळाची हालचाल कमी होणे, दिवस भरायच्या आत कळा. यातले काहीही झाले तर पाळी संपायची वाट न बघता १०८ ला फोन करावा. अर्ज घरच्यांनी दुसऱ्या दिवशी नेऊन दिला तरी चालतो.