कूपरेज ते अंधेरी : मुंबईच्या फुटबॉलला पासधारक का मिळाला नाही?

वसई-विरार पट्ट्यातील माणसाला 'पास' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १८६७ च्या एप्रिल महिन्यात विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली, १९३६ साली विजेवर चालणारी गाडी विरारला पोहोचली, आणि हळूहळू आमच्या घराघरांतील कमावत्या माणसाच्या खिशात मासिक किंवा त्रैमासिक पास आला. फुले, केळी आणि भाजीपाला घेऊन दादरला उतरणारे बागायतदार असोत की फोर्टातल्या कचेऱ्यांतील कारकून असोत, पास काढणारा माणूस पुढच्या तीन महिन्यांचा आपला रस्ता आगाऊ ठरवून टाकतो. गाडी उशिरा येईल, डब्यात उभे राहायलाही जागा मिळणार नाही, हे ठाऊक असूनही तो पैसे भरतो. कारण उद्याही आपल्याला ह्याच वाटेने जायचे आहे ह्याविषयी त्याला शंका नसते.

फुटबॉल क्लबाचा हंगामी पास ह्याच जातीचा असतो. हंगाम सुरू होण्यापूर्वीच, आपला संघ जिंकेल की हरेल हे कळण्याच्याही आधी, प्रेक्षक साऱ्या सामन्यांचे पैसे देऊन आपली जागा राखून ठेवतो. सामन्याच्या दिवशी खिडकीवर तिकीट घेणारा प्रेक्षक मोठ्या संघाचे नाव ऐकून येतो. पासधारक मात्र पावसात, पराभवात आणि कंटाळवाण्या सामन्यालाही येतो. म्हणूनच एखाद्या क्लबाच्या पासांची विक्री घटू लागली, तर त्याचा अर्थ केवळ तिजोरीपुरता राहत नाही. क्लब आणि त्याची माणसे ह्यांच्यातील नाते कोठेतरी सैल झाले आहे, असे तेथे समजले जाते. मुंबईच्या फुटबॉलला असा बांधलेला प्रेक्षक का लाभला नाही, आणि जो होता तो कोठे गेला, ह्याचा थोडासा मागोवा घेण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

कूपरेजचे वैभव

मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला आणि त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक तो गोऱ्या पलटणींच्याच हाती राहिला. कलकत्त्यात मोहन बागानने १९११ साली अनवाणी पायांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली होती. मुंबईच्या चषकावर भारतीय संघाचे नाव कोरले जाण्यास मात्र १९३७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बंगलोर मुस्लिम्स संघाने तो मान मिळविला. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी चषक स्वतःकडे ठेवला. त्या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम ह्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके मिळविली. १९५८ साली मुंबईच्याच कॅल्टेक्स संघाने हा चषक जिंकला.

ह्या साऱ्या वैभवाचे घर म्हणजे कूपरेजचे मैदान. पूर्वी तेथे पिंपे बनविणाऱ्या कारागिरांच्या कार्यशाळा होत्या, म्हणून हे नाव पडले. चर्चगेट स्थानकावरून ओव्हल मैदानाच्या कडेने चालत गेले की पाऊण मैलाच्या आतबाहेर हे मैदान लागते. ज्याच्याकडे चर्चगेटपर्यंतचा पास आहे, त्या वसईकराला कचेरी सुटल्यावर कूपरेजला जाण्यासाठी वेगळे गाडीभाडे पडत नसे. धोबी तलाव आणि माझगाव भागातील गोवेकरांच्या 'कुडां'तून राहणारे खलाशी व आचारी ह्यांनाही हे मैदान पायाखालचे होते. हे कूड म्हणजे गोव्यातील एकेका गावाने मुंबईत चालविलेली वसतिस्थाने. अल्पशी वर्गणी भरली की गावकऱ्याला तेथे ट्रंक ठेवायला व पथारी पसरायला हक्काची जागा मिळे. कामाची जागा, राहण्याची जागा आणि खेळाचे मैदान ही तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असणे, हे त्या काळच्या प्रेक्षकाचे फार मोठे भाग्य होते. त्याच्या हाती क्लबाचा पास नव्हता, पण त्याचा दिनक्रमच त्याला मैदानाकडे नेत होता.

कंपन्यांचे संघ

मुंबईचे नामवंत संघ मात्र प्रेक्षकांनी उभे केलेले नव्हते. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका अशी ती नामावळी आहे. ह्या संस्थांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, ही गोष्ट कृतज्ञतेने नोंदविली पाहिजे. साधारण परिस्थितीतील अनेक ख्रिस्ती तरुणांच्या घरात फुटबॉलमुळे कायमचा पगार आला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा मुंबईच्याच मैदानांवर खेळलेले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. भारत त्या स्पर्धेत चौथा आला.

परंतु ह्या व्यवस्थेत एक उणीव होती. संघाचा खर्च कंपनी करीत असल्यामुळे त्याला प्रेक्षकांच्या पैशाची गरज नव्हती, आणि गरज नसल्यामुळे प्रेक्षक जोडण्याची तळमळही नव्हती. कलकत्त्याशी तुलना केली म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. १८८९ साली स्थापन झालेला मोहन बागान आणि १९२० सालचा ईस्ट बंगाल हे वर्गणीदार सभासदांचे क्लब. तेथे सभासदत्व बापाकडून मुलाकडे जाते, निवडणुकीत कार्यकारिणीला जाब विचारला जातो. २०२० साली मोहन बागानच्या नावामागे 'एटीके' ही अक्षरे लागली, तेव्हा समर्थकांनी ती काढण्यासाठी सतत आवाज उठविला आणि २०२३ साली ती अक्षरे गेली. मुंबईत मात्र संघ बंद करण्याचा ठराव झाला की त्याला विरोध करण्याचा अधिकार कोणालाच नसे.

१९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसाड झाले आणि गिरण्यांच्या खेळांचेही दिवस सरले. रोव्हर्स चषक २०००-०१ च्या हंगामानंतर झालाच नाही. शेवटचा विजेता मोहन बागान. महिंद्र युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली. सारी मुंबई अभिमानाने मिरवावी असे ते यश होते, पण अवघ्या चार वर्षांनी, २०१० साली, शालेय फुटबॉलकडे लक्ष वळवीत असल्याचे सांगून कंपनीने संघ विसर्जित केला. २००७ साली निघालेला मुंबई एफसी हा क्लब २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये तळाला गेला आणि त्यानंतर तोही मिटला.

दूरचित्रवाणीचा डोळा

ह्याच काळात प्रेक्षकाची नजरही बदलत होती. १९८३ च्या विश्वविजयाने क्रिकेट घरोघर पोहोचले हे खरेच. पण सारा दोष क्रिकेटच्या माथी मारणे आम्हांला न्याय्य वाटत नाही. १९८६ सालचा मेक्सिकोतील विश्वचषक दूरदर्शनवर रात्र जागून पाहणारी माणसे आमच्या गावांतून कमी नव्हती. मारादोनाचा खेळ डोळ्यांत साठवलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कूपरेजवरचा खेळ संथ वाटू लागला. नव्वदीत उपग्रह वाहिन्या आल्या आणि दर आठवड्याला इंग्लंडची लीग घरात दिसू लागली. आज आमच्या धर्मग्रामांतील मुलांच्या अंगावर मँचेस्टर आणि बार्सिलोनाचे जर्सी दिसतात. म्हणजे खेळावरचे प्रेम आटले नाही. ते साता समुद्रांपलीकडे गेले.

नवा क्लब, जुना प्रश्न

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. पहिल्या हंगामात सामन्यामागे सरासरी चोवीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. २०१८-१९ पर्यंत ही सरासरी पंधरा हजारांच्या खाली आली. मुंबई सिटी एफसी हा आपल्या भागाला सर्वांत जवळचा क्लब. त्याचे पहिले दोन हंगाम नेरूळच्या भव्य स्टेडियमवर झाले. वसईहून तेथे जायचे म्हणजे दादर आणि कुर्ला असे दोन ठिकाणी गाडी बदलणे आले. २०१६ पासून क्लब अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात आला. जागा सात-आठ हजारांचीच, पण ती पश्चिम रेल्वेवर, आपल्या वाटेवर होती. येथे विरार लाइनीवरचा पासधारक घडू शकला असता.

घडले ते वेगळेच. कोविडच्या साथीमुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम संपूर्णपणे गोव्यात, जवळजवळ सर्वच सामने बंद दारांआड, खेळले गेले. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर बिपिन सिंगने अखेरच्या मिनिटाला गोल केला आणि मुंबई प्रथमच विजेती झाली. त्या गोलाला मुंबईकरांची दाद देणारे कोणीही स्टँडमध्ये नव्हते. ज्या क्षणासाठी माणूस वर्षानुवर्षे पास काढतो, तो क्षण रिकाम्या बाकांसमोर निघून गेला. ह्यात दोष कोणाचाच नव्हता, परंतु सवय एकदा मोडली की पुन्हा लागायला वेळ लागतो. रविवारच्या मिस्सेपासून साथीच्या काळात दुरावलेली पावले परत वळायला किती काळ गेला, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे.

क्लबाच्या कर्तृत्वात कमतरता नव्हती. मे २०२४ मध्ये त्याने कलकत्त्यात मोहन बागानला ३-१ असे नमवून दुसऱ्यांदा अजिंक्यपद मिळविले. पण सामने बहुधा सायंकाळी साडेसातला सुरू होतात. दूरचित्रवाणीला ही वेळ सोयीची. साडेनऊला अंधेरीहून निघून घरी पोहोचायला अकरा वाजणाऱ्या आणि पहाटे चारला भाजीच्या टोपल्या भरणाऱ्या माणसाने हंगामभराचा पास कसा काढावा?

त्यातच २०२५ साली लीग चालविण्याचा पंधरा वर्षांचा करार संपत आला, नव्या कराराचा निर्णय होईना, आणि एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारा हंगाम खोळंबला. कोणते सामने, कोणत्या तारखांना, हेच ठरलेले नसताना क्लबांनी पास विकायचे तरी कशाचे? अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये एकेरी फेरीचा आखूड हंगाम सुरू झाला. त्याआधी डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईच्या क्लबातून अंग काढून घेतले. २०१९ साली ह्याच समूहाने क्लबाचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. मालक आला आणि गेला. प्रेक्षकाला दोन्ही वेळा ते वर्तमानपत्रातूनच कळले.

इतरांचा अनुभव

आपलेच हे दुखणे आहे असे मानण्याचे कारण नाही. बार्सिलोना हा तर सभासदांच्या मालकीचा, जगातील अग्रगण्य क्लब. २०२३ साली कॅम्प नोऊचे नूतनीकरण सुरू झाले म्हणून संघ त्याच शहरातील माँज्विकच्या टेकडीवरील ऑलिंपिक स्टेडियमवर गेला. हंगामी पास असलेल्या ऐंशी हजारांहून अधिक सभासदांपैकी वीस हजारांनीदेखील नव्या जागेचे पास घेतले नाहीत. शहर तेच, संघ तोच. परंतु चढण, वाढलेला प्रवास आणि पासाचा खर्च एवढ्याने पिढ्यान् पिढ्यांचे पासधारक घरी बसले.

लंडनच्या विम्बल्डन क्लबाला २००२ साली दूरच्या मिल्टन कीन्स नगरात जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा त्याच्या पाठीराख्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला आणि अगदी खालच्या पायरीपासून खेळायला सुरुवात केली. २०११ साली हा क्लब व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि २०२० साली आपल्या जुन्या प्लाउ लेन परिसरात परतला. माणसे क्लबाला सोडून गेली नव्हती. क्लबच त्यांना सोडून गेला होता.

शेजारच्या गोव्यात तर फुटबॉल म्हणजे गावचा श्वास. तरीही २०१६ साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा ह्या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली. साळगावकर हा राष्ट्रीय लीगचा एक वेळचा विजेता, आणि धेंपोने तर पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळविलेले. त्या लीगचे दुय्यम स्थान त्यांना मान्य नव्हते. मैदानावर कमावलेला मान कराराच्या कागदावर जातो, हे त्यांना सोसवले नाही.

आपल्यासाठी बोध

ह्या साऱ्या इतिहासातून आम्हांला एक गोष्ट जाणवते. प्रेक्षक हंगामभराचा शब्द देतो तो त्याच्या वाटेवर असलेल्या, त्याच्या वेळेला जमणाऱ्या आणि उद्याही तेथेच असेल अशी खात्री असलेल्या संघाला. कूपरेजजवळ पहिल्या दोन गोष्टी होत्या, तिसरी नव्हती. आजच्या व्यावसायिक क्लबाला पासधारक हवे असतील, तर जाहिरातींपेक्षा सुट्टीच्या दिवशी दुपारचे काही सामने, विरार लाइनीवरच्या मुलांसाठी खेळाडू होण्याची वाट आणि समर्थकांना कारभारात थोडासा आवाज, एवढे दिले तरी पुष्कळ होईल.

आपल्याकडूनही काही होण्यासारखे आहे. आपल्या गावांतून कूपरेजचे सामने पाहिलेली, कदाचित तेथे खेळलेलीही वडीलधारी माणसे आता थोडीच उरली असतील. त्यांच्या आठवणी, जुनी छायाचित्रे, कात्रणे आताच नोंदवून ठेवली नाहीत, तर मुंबईच्या फुटबॉलमधील आपल्या समाजाचा वाटा कोठेच लिहिला जाणार नाही. प्रत्येक धर्मग्रामाच्या युवक मंडळाने एका वर्षापुरते जरी हे काम अंगावर घेतले, तरी मोठा ठेवा जमेल. आणि शाळेच्या मैदानावर किंवा कापणी झालेल्या शेतात आपली मुले-मुली खेळत असताना कडेला उभे राहायला तिकीट लागत नाही. तेथे नियमाने जाणारे आई-बाप आणि आजी-आजोबा असले, तर उद्याच्या एखाद्या क्लबाला ह्याच माणसांतून पासधारक मिळतील.