श्रोता, वाचक आणि दप्तर : मराठी इतिहासव्यवहारातील जाहीर सभा

ग्रंथालयात किंवा संशोधनसंस्थेत होणारा इतिहासविषयक कार्यक्रम मराठी समाजाच्या इतक्या अंगवळणी पडला आहे की, त्याच्या रूपाचा वेगळा विचार क्वचितच होतो. अशा कार्यक्रमांकडे सामान्यतः ज्ञानप्रसाराचे साधन म्हणून पाहिले जाते. म्हणजे ज्ञान आधी अन्यत्र सिद्ध होते आणि नंतर ते सभेपुढे येते, असे गृहीत धरले जाते. परंतु मराठी परंपरेत या कार्यक्रमाची दोन भिन्न रूपे आढळतात. एक व्याख्यानाचे, दुसरे कागदाच्या वाचनाचे. पहिल्यात समाज श्रोता असतो; दुसऱ्यात त्याला वाचक होण्याची संधी असते. हा भेद केवळ सादरीकरणाचा नाही. पुराव्यावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

व्याख्यानाचे रूप एकोणिसाव्या शतकातील प्रबोधनातून आले. पुण्यात १८४८ साली सार्वजनिक ग्रंथालय निघाले आणि १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमालेची परंपरा सुरू झाली. पुढे गावोगावच्या वाचनालयांनी तिचे अनुकरण केले. मराठी गद्याला युक्तिवादाची जी सवय लागली, तिच्यात या व्यासपीठांचा वाटा मोठा आहे. तथापि व्याख्यानात पुरावा वक्त्याजवळ राहतो. श्रोत्याच्या हाती येतो तो निष्कर्ष.

दुसऱ्या रूपाची पूर्वपीठिका वि. का. राजवाडे यांच्या कार्यात आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे मूळ स्वरूपात छापून राजवाड्यांनी वाचकापुढे कथनाआधी साधन ठेवले. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा या भूमिकेला सभेचे रूप मिळाले. मंडळाच्या पाक्षिक सभांतून नव्याने हाती आलेली पत्रे, महजर, सनदा यांचे वाचन होई, त्यांवर टिपणे सादर होत आणि त्यांतील बराच मजकूर पुढे मंडळाच्या प्रकाशनांत येई.

या वाचनाचे स्वरूप समजण्यासाठी मराठी पत्राची घडण लक्षात घ्यावी लागते. अनेक पत्रांवर चंद्राची तारीख किंवा तिथी असते, वर्ष नसते. ते ठरविण्यासाठी पत्रातील व्यक्ती, स्वारीचे मुक्काम, इतर पत्रांतील उल्लेख यांचा मेळ घालावा लागतो. मोडीत शब्द सलग लिहिले जात असल्याने ते कोठे तोडावेत यावरही अर्थ बदलतो. त्यामुळे सभेपुढे येणारी संहिता सिद्ध नसे, साध्य असे. एखाद्या घराण्याच्या दप्तराची माहिती असलेला सभासद विद्वानाचे वाचन दुरुस्त करू शकत असे. अर्थनिर्णयनाची क्रिया येथे सर्वांसमक्ष घडत होती.

तत्कालीन राजकीय परिस्थितीत याला विशेष महत्त्व होते. पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात होते आणि त्यात मुक्त प्रवेश नव्हता. वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वतनदारांच्या पेट्यांतून गोळा झालेले कागद हा त्यावरील समाजाचा प्रतिसाद होता. १९३० नंतर गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. ही उपलब्धी मोठी होती, परंतु तेथे निवडीचा अधिकार संपादकाकडे होता, सभेकडे नव्हता.

मात्र या सभेचे आदर्शीकरण करणे चुकीचे ठरेल. तिचा वाचक प्रामुख्याने मोडी वाचणाऱ्या, कागद बाळगणाऱ्या वर्गातला होता. महात्मा फुले यांनी १८६९ साली शिवाजीवरील पोवाडा रचला आणि १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारले. या दोन्ही कृतींत सभेच्या घटनेविषयीचा प्रश्न मंडळाच्या स्थापनेआधीच उपस्थित झाला होता. खुद्द कागदही तोच प्रश्न विचारतात. महजर हा मुळात गोतसभेचा कागद. त्यावर पाटलाची नांगराची निशाणी असते आणि बलुतेदारांच्याही आपापल्या निशाण्या असतात. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांचीही साक्ष त्या सभेने नोंदवून घेतली. विसाव्या शतकात तोच महजर सभेपुढे वाचला गेला, तेव्हा निशाणी करणाऱ्यांचे वंशज तेथे क्वचितच असत. जातिव्यवस्थेने बांधलेल्या त्या जुन्या सभेतही साक्षीदारांचे वर्तुळ काही बाबतींत नव्या विद्वत्सभेहून रुंद होते, हे विसरता येत नाही.

या दुराव्याची किंमत पुढे दिसली. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. ग्रंथांची आणि हस्तलिखितांची हानी झाली. त्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. त्यामागे तात्कालिक ग्रंथवाद होता, राजकारण होते आणि जातीय अविश्वासाचा दीर्घ इतिहासही होता. परंतु संग्रह ‘त्यांचा’ आहे, आपला नाही, ही भावना समाजाच्या मोठ्या भागात रुजू शकली, याचा विचार इतिहाससंस्थांना टाळता येत नाही. केवळ व्याख्याने ऐकविल्याने ती भावना मावळत नाही.

या दृष्टीने पाहिले तर पाक्षिक सभेचा खरा वारसा आज मोठ्या व्याख्यानमालांपेक्षा मोडीच्या वर्गांत अधिक स्पष्ट दिसतो. पुराभिलेख खात्याच्या आणि मंडळाच्या वर्गांत शिकणारा जेव्हा आपल्याच गावचा कागद उलगडतो, तेव्हा तो निष्कर्षाचा ग्राहक राहत नाही. वाचनाला हरकत घेण्याचा अधिकार त्याला प्राप्त होतो. तोच अधिकार त्याला आपल्या आवडत्या समजुतींविरुद्धही वापरावा लागतो. ग्रंथालयातील इतिहासविषयक कार्यक्रमाचे मूल्य श्रोत्यांच्या संख्येवरून ठरविण्याचा प्रघात आहे. त्यापेक्षा, सभा संपल्यानंतर कागद किती नव्या हातांत गेला आणि त्या हातांत पूर्वी निशाणीपुरतेच स्थान मिळालेल्यांचे हात किती, ही कसोटी अधिक कठोर आणि अधिक न्याय्य ठरेल.