आधुनिक वास्तुकलेची प्रदर्शने (महाराष्ट्र व गोवा)

स्वातंत्र्योत्तर काळात बांधलेल्या इमारतींचे आराखडे, प्रतिकृती व छायाचित्रे मांडून, जोडीला व्याख्याने व परिसंवाद घेऊन त्यांची ओळख जनतेला करून देणारे उपक्रम. किल्ले, लेणी, वाडे यांचे मोल समाजाला पटलेले असते. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहालाही 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. साठ-सत्तरच्या दशकांतील काँक्रीटच्या वास्तूंना मात्र प्राचीनतेचे कवच नाही. दिल्लीतील ‘हॉल ऑफ नेशन्स’ (1972) एप्रिल 2017 मध्ये पाडण्यात आला. अशा वास्तूंबाबत लोकांची जाण वाढवणे, हे या प्रदर्शनांचे मुख्य कार्य होय.

वाटचाल : भारत महोत्सवासाठी 1986 मध्ये चार्ल्स कोरिया यांनी सिद्ध केलेले ‘विस्तार’ हे आरंभीचे मोठे प्रदर्शन. तीस वर्षांनी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘द स्टेट ऑफ आर्किटेक्चर’ (6 जानेवारी ते 20 मार्च 2016) भरले. राहुल मेहरोत्रा, रणजित होस्कोटे व कैवान मेहता यांनी त्याची मांडणी केली. स्वातंत्र्यानंतरच्या वास्तुव्यवसायाचा आढावा घेत सद्यःस्थितीची चर्चा व्याख्याने-परिषदांतून घडवली गेली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 2022 मध्ये दक्षिण आशियातील 1947 ते 1985 या काळातील वास्तुकलेचे प्रदर्शन भरवले. त्यात कोरियांसह कोकणातील आचऱ्यात जन्मलेले अच्युत कानविंदे यांचेही काम होते.

कला अकादमी : मुक्तीनंतरच्या गोव्याची सांस्कृतिक उभारणी पणजीच्या कांपाल भागात, मांडवीकाठी कोरियांनी रचलेल्या कला अकादमीत (1983) दिसते. तेथील दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी प्रेक्षक रंगवले आहेत. 2019 मध्ये वास्तू पाडण्याचा विचार पुढे येताच कलावंत, नागरिक व चार्ल्स कोरिया फाउंडेशन यांनी विरोध केला. दुरुस्ती सुरू असताना जुलै 2023 मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. नोव्हेंबर 2023 मध्ये अकादमी पुन्हा खुली झाली.

मूल्यमापन : कला अकादमीसाठी लोक उभे राहिले, कारण तेथे त्यांनी नाटके व मैफली अनुभवल्या होत्या. म्हणून प्रदर्शने महानगरांतील दालनांपुरती न ठेवता जिल्ह्यांतील नाट्यगृहे, महाविद्यालये व ग्रंथालयांत, त्या त्या इमारतीतच भरवणे अगत्याचे आहे.