दुब्रोव्हनिक : साठ सेंटिमीटरची भिंत

आज सुट्टीची गोष्ट सांगणार आहे. पण फौजी माणूस सुट्टीवर गेला तरी समुद्राआधी तट बघतो, हे तुम्हाला एव्हाना ठाऊक झालंय.

आम्ही दोघं क्रोएशियाला गेलो होतो. एड्रियाटिकच्या काठाकाठानं पसरलेला देश, हजाराहून जास्त लहानमोठी बेटं. दक्षिण टोकाला दुब्रोव्हनिक. हे शहर १८०८ पर्यंत स्वतंत्र गणराज्य होतं. व्यापारावर जगणारं, तुर्की सुलतानाला वर्षाला १२,५०० सोन्याची नाणी खंडणी मोजून स्वातंत्र्य टिकवणारं. १३७७ मध्ये त्यांनी कायदा केला की साथीच्या मुलखातून आलेल्यांनी महिनाभर बाहेरच थांबायचं. क्वारंटाइनची सुरुवात इथली. शहराचा रक्षक संत व्लाहो. आपल्या जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला याच संताचं चर्च आहे, आणि त्याचा संबंध दुब्रोव्हनिकच्या खलाशांशी जोडला जातो.

तटाचा घेर १,९४० मीटर. फांजीवरून पूर्ण फेरी मारता येते. सौ. समुद्र बघत होत्या, मी बुरूज. खरा चकित झालो तो पश्चिमेच्या लोव्रियेनात्स किल्ल्यात. बाहेरच्या अंगाच्या भिंती कित्येक मीटर जाड, पण शहराकडची भिंत जेमतेम ६० सेंटिमीटर! कारण काय, तर उद्या किल्लेदारच फिरला तर शहराच्या तोफांना ती भिंत पाडता आली पाहिजे. शिवाय किल्लेदार दर महिन्याला बदलायचा. अधिकारी म्हणून वाचताना जरा लागतं. पण खरं सांगू, मला ते लोक शहाणे वाटले.

तटावरून खाली कौलं दिसतात. काही काळपट, जुनी. बरीचशी नव्या लाल रंगाची. ही नवी कौलं १९९१ ची आठवण. त्या ऑक्टोबरपासून युगोस्लाव्ह सैन्यानं शहराला वेढा घातला. जुनं गाव १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत, तिथं फौजही ठेवलेली नव्हती. ६ डिसेंबरला पहाटे वरच्या सर्ज डोंगरावर हल्ला झाला आणि त्याबरोबर उखळी तोफांचे गोळे गावात पडत राहिले. आदल्या दिवशीच युद्धबंदीची बोलणी जुळली होती. वेढ्याच्या काळात ८२४ इमारतींपैकी दोन तृतीयांशांहून जास्त इमारतींना मार बसला.

रोपवेनं मी ४१२ मीटर उंचीच्या सर्जवर गेलो. वर नेपोलियनच्या काळातला फ्रेंच किल्ला आहे. त्याच्यासाठीच ती लढाई. मी तोफखान्यातला माणूस. वरून गाव तळहातावर ठेवल्यासारखं दिसतं. पूर्वेला झार्कोवित्साची उंच जागा आहे, तिथं हल्ला करणाऱ्या बटालियनची निरीक्षण चौकी होती. तिथूनही गाव असंच दिसतं. ‘चुकून पडले’ म्हणायला जागा नाही.

पुढे हेगच्या न्यायालयात व्हाइस ॲडमिरल योकिच यांनी गुन्हा कबूल केला, सात वर्षं शिक्षा झाली. लेफ्टनंट जनरल स्ट्रुगार यांचा निकाल मी दोनदा वाचला. गावावर गोळे टाकण्याचा हुकूम त्यांनी दिला, असं न्यायालयानं म्हटलं नाही. हुकूम सर्जवर हल्ल्याचा होता. गावावर याआधीही मारा झाला होता, पुन्हा होऊ शकतो हे समजायला हवं होतं. तो थांबवला नाही, नंतर कुणाला शिक्षा केली नाही, यासाठी २००५ मध्ये आठ वर्षं. अपिलात सहा महिने कमी झाले.

मीही हुकूम दिलेत. खाली पोहोचेपर्यंत त्याचं काय होतं, ते दर वेळी बघितलं का? सौ. नी विचारलं, “इतके गप्प का?” मी म्हटलं, कौलं मोजतोय. खरंच मोजत होतो. एका छपरावर जुन्या कौलांची एकच ओळ उरली होती.