अनोळखी हुकूम आणि न विचारता केलेली दुरुस्ती

गडबच्या आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव ‘अयूब’ लागले होते. त्यांचे नाव याकूब. लिहिणाऱ्याला ते ओळखीचे नसावे. त्याने न विचारता जवळचे वाटले ते लिहिले. अब्बांनी दुरुस्तीसाठी कचेरीच्या किती खेपा घातल्या याची गणती नाही. हजरत अयूब सब्रसाठी ओळखले जातात. अब्बांच्या वाट्याला तोच आला.

संगणकाला हुकूम कळला नाही तर त्याने काय करावे, हा प्रश्नही असाच आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत वॉरन टाइटलमन यांनी लिस्प या भाषेसाठी ‘डू व्हॉट आय मीन’ ही सोय केली. म्हणजे ‘माझ्या मनातले कर’. चुकलेला शब्द यंत्र स्वतःच सुधारी. पुढे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतला एक किस्सा सांगितला जाऊ लागला. एकाने फाइलींच्या जुन्या प्रती पुसण्याचा हुकूम दिला. तशा प्रती नव्हत्याच. यंत्राने अंदाज बांधला की सगळ्याच फाइली पुसायच्या असतील, आणि पुसायला सुरुवातही केली!

युनिक्सने उलट वाट धरली. तिथे आपण टाइप केलेले हुकूम ‘शेल’ हा प्रोग्राम वाचतो. हुकूम सापडला नाही तर ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणून तो गप्प बसतो. यात धोका नाही, पण नवशिक्यापुढे भिंत उभी राहते.

२००९ साली आलेल्या बॅश ४.० या शेलने मधली वाट दिली. ‘कमांड_नॉट_फाउंड_हँडल’ या नावाचे फंक्शन आपण आपल्या बॅशआरसी फाइलीत लिहून ठेवायचे. अनोळखी हुकूम आणि त्यामागचे सगळे शब्द शेल त्याच्या हाती सोपवतो. पुढचे आपण ठरवायचे. झेडशेलमध्ये याच नावाच्या शेवटी ‘हँडलर’ येते. उबुंटू याच सोयीतून सांगते की हा हुकूम कोणत्या पॅकेजात मिळेल. पण आपल्या होकाराशिवाय ते बसवत नाही.

माझे फंक्शन मिळतीजुळती नावे मराठीत सुचवते आणि थांबते. त्यातले एकही ते परस्पर चालवत नाही. तेव्हा त्या लिहिणाऱ्यानेही एकदा विचारले असते, “याकूब की अयूब?”, तर अब्बांच्या खेपा वाचल्या असत्या.