शिळं की मुरलेलं?

आमच्या सातारच्या खोलीवर नाताळानंतर एक स्टीलचा डबा आला. रूममेट मडगावचा. डब्यात सोरपोतेल. "आज नको, परवा खाऊ. आणि घरमालकांना काय आहे ते सांगू नकोस," एवढं बोलून त्याने डबा फ्रिजमध्ये ढकलला. पदार्थ शिजून आधीच तीन दिवस झाले होते. माझं संशोधन अन्नातल्या जिवाणूंवर, त्यामुळे मला परवापर्यंत झोप लागेना.

तर आज या डब्याबद्दल.

सोरपोतेल म्हणजे डुकराचं मांस आणि काळीज आधी उकडायचं, अगदी बारीक चिरायचं, परतायचं आणि मग लाल मिरची, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग नि व्हिनेगरच्या वाटणात शिजवायचं. काही घरांत चिमूटभर साखरही पडते. या पदार्थाचा पूर्वज पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातला, आणि त्याचा एक भाऊ ब्राझीलमध्येही आहे. विंदालूची गोष्टही अशीच. मूळ शब्द 'विन्या द आल्यूश', म्हणजे वाइन आणि लसूण. त्यात बटाट्याचा काही संबंध नाही! १५१० मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून गोवा घेतला, पण त्यांची वाइन इथे कुठून मिळणार? मग माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर आलं. दालचिनी सिलोनची, लवंग मोलुक्का बेटांची, मिरची अमेरिकेतून आलेली.

इथपर्यंत गोष्ट छान वाटते. पण १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं आणि धर्मांतर केलेल्या माणसाच्या ताटात काय आहे, याचीही चौकशी होऊ लागली. डुकराचं मांस टाळणारा संशयित. १७३६ च्या फर्मानात तर बिनमिठाचा भात शिजवण्यावर आणि दारात तुळस लावण्यावरही बंदी होती. हे वाचल्यापासून मला 'फ्यूजन' हा शब्द जरा उथळच वाटतो. जो घास कधी काळी धाकाने गिळावा लागला असेल, तोच पुढे सणाचा आणि आजीच्या हातचा झाला.

आपल्याकडची बाजूही सोपी नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळं अन्न तामसी लोकांच्या आवडीचं म्हटलंय. डुक्कर म्हटलं की लगेच जात आठवणारे लोक आजही आहेत, म्हणून तर घरमालकांपासून लपवालपवी. गंमत म्हणजे लोणचं वर्षभर ठेवलं तरी आपण त्याला शिळं म्हणत नाही, मुरलंय म्हणतो. मटणाचा रस्साही दुसऱ्या दिवशी 'लागतो'च.

आता मुरतं म्हणजे होतं काय? पीएच ४.६ च्या खाली गेला की बोटुलिझमचा जिवाणू वाढू शकत नाही. व्हिनेगरचं मुख्य काम हेच. लवंगेतलं युजेनॉल प्रयोगशाळेत जिवाणूंना रोखतं हे खरं, पण कालवणात पडणाऱ्या चार लवंगांवर भरवसा ठेवू नका. पूर्वी सोरपोतेल रोज उकळत, वर चरबीचा थर जमे, आणि तेवढ्या दिवसांत आंबट-गोड मसाला त्या बारीक तुकड्यांत शिरे. चव सुधारायची ती यामुळे. पण तुम्ही फ्रिजच वापरा. काही जिवाणूंचं विष एकदा तयार झालं की उकळूनही जात नाही.

परवाच्या दिवशी आम्ही डबा उघडला. पहिल्या दिवशी पावात भरून खाल्लं. दुसऱ्या दिवशी उकडलेला बटाटा कुस्करून त्यात मिसळला आणि तव्यावर टिक्क्या परतल्या (विंदालूत बटाटा नसतो हे मान्य, पण हे सोरपोतेल होतं). तिसऱ्या दिवशी उरलेलं मूठभर फोडणीच्या भातात. मीठ अजिबात घालू नका, आधीच पुरेसं असतं. तळाशी जे चिकटलं होतं ते मी कालच्या ज्वारीच्या भाकरीने पुसून खाल्लं. भाकरी शिळी होती, हे रूममेटनेच दाखवून दिलं.